एकोणीस दिवसांची पूर्ण हजेरी

समोरच्या बंगल्याच्या गच्चीवर गेल्या रविवारी वांगी भाजत होते. धुळ्यात आता पऱ्हाट्या सहज मिळत नाहीत, तरी त्या घरातल्या वहिनींनी कुठूनतरी कपाशीची वाळकी झाडं मिळवली होती आणि त्यांच्या जाळावर ती लांबलचक हिरवी वांगी काळी पडत होती. धूर माझ्या गॅलरीत आला. मी अंतर्गत चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासत बसले होते. डोळ्यांत पाणी आलं ते धुरानेच आलं असं मी स्वतःला सांगितलं. घरात दुसरं कोणी नाही, त्यामुळे असल्या सबबी मला स्वतःलाच द्याव्या लागतात.

खानदेशात थंडी पडली की भरीत होणारच. पण मला जानेवारीत भरीत खाववत नाही. कॉलेजातले सहकारी दरवर्षी कुणाच्या तरी शेतात भरीत-पार्टी करतात, मला आवर्जून बोलावतात आणि मी दरवर्षी डोकं दुखतंय म्हणते. एव्हाना माझं डोकं सगळ्या स्टाफला तोंडपाठ झालंय. खरं कारण असं की त्या वासाबरोबर मला एक आवार दिसतं. जळगावातल्या एका सरकारी कचेरीचं आवार, त्यातला निंब, निंबाखाली अंथरलेल्या ताडपत्र्या आणि ताडपत्र्यांवर बसलेले आम्ही.

वीसेक वर्षं झाली त्याला. नोकरभरतीच्या परीक्षेचा पेपर फुटला होता. ज्यांनी दोन-दोन वर्षं अभ्यास केला ती पोरं घरी, आणि ज्यांच्या हातात आदल्या दिवशीच पेपर पडला त्यांच्या घरी पेढे. पहिल्या दिवशी आम्ही निवेदन द्यायला गेलो. साहेब जेवायला गेले होते. आम्ही पायरीवर बसलो. साहेब काही आले नाहीत, आणि आम्ही काही उठलो नाही. पुस्तकांत अशा गोष्टींची फार भारदस्त कारणं लिहिलेली असतात. मी ती शिकवतेसुद्धा. आमची सुरुवात मात्र एका साहेबाच्या लांबलेल्या जेवणातून झाली.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, हजेरी घ्यायला हवी. कोण आलं, कोण गेलं, पोलिसांनी कुणाला नेलं, हे कळायला नको? लाल पुठ्ठ्याची एक वही आणली, पहिल्या दिवसाची हजेरीही मागाहून तीत भरली. एक खणखणीत आवाजाचा मुलगा हजेरी घ्यायला उभा राहिला. त्याला आम्ही पुढे मॉनिटरच म्हणू लागलो. त्याने पहिली हाक मारली, "पाटील!" आणि चाळीसजण उठून उभे राहिले. खानदेशात पाटील म्हणून हाक मारली की अर्धा बाजार वळून बघतो, हे त्या शहाण्याच्या लक्षात आलं नव्हतं. सगळं आवार हसलं. मग ठरलं, नाव नको, आडनाव नको, गावाच्या नावाने हजेरी. एका गावचे दोघं असतील तर एक नंबर, दोन नंबर.

त्या दिवसापासून मी फैजपूर झाले. माझ्या शेजारी बसायची ती मंगला धरणगाव झाली. आडनावं गेली तशी जातही कुठेतरी मागे पडली. कोण कुठल्या आळीतला हे विचारायची सोय राहिली नाही. आम्ही हे काही थोर हेतूने केलं नव्हतं. चाळीस पाटलांनी आमच्यावर ती वेळ आणली होती.

सकाळी आठला हजेरी. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघायची. बाहेरच्या रस्त्याने जिनिंगकडे कापसाच्या गाड्या जायच्या आणि कडेच्या बाभळींना कापूस लटकून राहायचा. भोंग्यावर गावं पुकारली जात. अमळनेर, हजर. एरंडोल, हजर. आमच्या पूर्वेकडची पोरं "हजर हाये" म्हणत, पश्चिमेकडची "हजर शे". पारोळ्याचा एकजण रोज "हजर, पण उपाशी" म्हणायचा. त्यावरही सगळे रोज हसायचे. दुपारी कुठल्यातरी गावातून भाकरी यायच्या, वांगी यायची, पऱ्हाट्यांचा भारा यायचा. मुलं वांगी भाजत. मुली ती सोलून, मिरची-लसूण घालून लाकडी बडगीत ठेचत. मग एक दिवस मंगलाने बडगी उचलून मुलांच्या पुढ्यात ठेवली.

"आते तुम्ही ठेचा. आम्ही भाषन करतस."

आणि खरंच उठून तिने भाषण केलं. तीन मिनिटांचं. मला त्यातलं एक वाक्य आठवतं, "आपला पेपर फुटना, आते आपला पेपर अठेच शे." आता आपली परीक्षा इथेच, असं. टाळ्या पडल्या. मी तिच्याकडे बघत राहिले. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी, प्राध्यापकांनी प्रश्न विचारला की वहीत तोंड घालणारी ही मुलगी. माझ्या आयुष्यात माणूस बदलताना मी प्रत्यक्ष पाहिलं ते तेव्हा एकदाच.

नंतर कळलं की आमच्यासारखीच पोरं देशातल्या कितीतरी शहरांत बसली होती. कुणी विद्यापीठाच्या दारात, कुणी चौकात. आमची ती गावांच्या नावाची हजेरी कुणीतरी वर्तमानपत्रात छापली आणि ती सगळीकडे गेली. दूरदूरच्या मैदानांतून गावांची नावं पुकारली जाऊ लागली. ज्या गावांचं नाव दिल्लीतल्या कुणी कधी उच्चारलं नव्हतं, ती भोंग्यावरून ऐकू येऊ लागली. मी वर्गात हे शिकवते तेव्हा सांगते की राजकारण बदलतं म्हणजे आधी कोण मोजलं जातं ते बदलतं. पोरं चांगली मान डोलावतात आणि लिहून घेतात.

बदललंही बरंच. पुढच्या निवडणुकीत सरकार गेलं. पेपरफुटीवर कायदा झाला. पुढारी लोक जमिनीवर मांडी घालून बसू लागले, खाली पातळ गादी घेऊन का होईना. जे पक्ष आम्हाला टवाळ पोरं म्हणत होते त्यांनी आमच्यातलीच चार-पाच टवाळ पोरं उचलून उमेदवार केली. आमचा मॉनिटर त्यातलाच. आज त्याच्या गाडीच्या पुढेमागे गाड्या असतात. अलीकडे शेजारच्या देशांतल्या पोरांनी चौक अडवून सरकारं घालवली, ते मी टीव्हीवर रात्रीचं जेवण पुढ्यात घेऊन एकटीच बघत होते. त्या गर्दीत मला सारखा एकच प्रश्न पडत होता. यातलं कोण उद्या सकाळी गुपचूप उठून जाणार आहे?

कारण मी गेले होते.

आमच्या सत्र परीक्षा तोंडावर आल्या आणि कॉलेजने हॉल तिकिटं अडवून धरली. आंदोलनात पुन्हा भाग घेणार नाही असं हमीपत्र सही करून द्या आणि तिकीट न्या. पहिल्या दिवशी एकानेही सही केली नाही. तेव्हा अंधार पडायच्या सुमारास मंगला माझ्याजवळ सरकून म्हणाली होती, "फैजपूर, बठ्ठा उठी गयात तरी आपन दोन्ही बशी राहूत."

सगळे उठून गेले तरी आपण दोघी बसून राहायचं. मी "हो" म्हणाले. मनापासून म्हणाले. ते "हो" खोटं नव्हतं, एवढं मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येईल.

मग आबा आले. माझे वडील. आमची केळीची बाग होती, त्यामुळे आबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर कायम केळीच्या चिकाचे काळे डाग असायचे. ते डाग कशानेच जात नाहीत. मला वाटलं, आता हात धरून ओढत नेतील. पण ते भिंतीला टेकून बसले. दोन दिवस बसले. आमच्याबरोबर जेवले, हजेरीच्या वेळी कौतुकाने ऐकत राहिले, एकदा तर घोषणेत हळूच आवाजही मिसळला. तिसऱ्या दिवशी निघताना पिशवी उचलली आणि म्हणाले, "मले तू शिकेल पाह्याची हाये, बाई. बाकी तुले समजते."

बस्स. रागावले असते तर किती बरं झालं असतं. मला आयुष्यभर त्यांना दोष देता आला असता. विसाव्या दिवशी सकाळी, हजेरीच्या आधी, मंगला पाण्याचे हंडे भरायला गेलेली असताना मी चादरीची घडी केली, तिच्या चादरीवर ठेवली आणि फाटकाबाहेर पडले. कॉलेजच्या ऑफिसात सही करायला अर्धं मिनिट लागलं. कारकुनाने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

परीक्षेचं केंद्र त्याच रस्त्यावर पुढे होतं. रोज त्या आवाराच्या भिंतीजवळून जावं लागायचं. पहिल्या दोन पेपरांना मी लांबच्या गल्लीतून गेले. तिसऱ्या पेपराला उशीर झाला होता, म्हणून सरळ निघाले. आठ वाजले होते. भिंतीपलीकडे हजेरी चालू होती. अमळनेर, हजर. एरंडोल, हजर. मग भोंग्यावर मॉनिटरचा आवाज आला, "फैजपूर!"

मी जागच्या जागी थांबले. हातात हॉल तिकीट. आणि मग मंगलाचा आवाज, स्पष्ट, जरा घोगरा, थंडीने बसलेला.

"हजर शे!"

वर्गात एकमेकांची हजेरी लावायचा उद्योग आम्ही सगळ्यांनीच केलेला होता. बाई फळ्याकडे वळल्या की आवाज बदलून "येस मॅडम" म्हणायचं. मंगलाने तर आवाजही बदलला नव्हता. फैजपूरचं माणूस "शे" म्हणत नाही, हे त्या आवारातल्या प्रत्येकाला कळत होतं. कुणी हसलं नाही. मॉनिटरने पुढचं गाव पुकारलं. म्हणजे त्याने लिहून घेतलं होतं.

तिने ते बारा दिवस केलं. आंदोलन एकतीस दिवस चाललं आणि लाल वहीत फैजपूरपुढे एकतीस दिवस हजर लागलं.

त्यानंतर मी मंगलाला भेटले नाही. असं कसं, म्हणाल. जळगावसारख्या एवढ्याशा गावातही एखाद्याला चुकवायचं ठरवलं की माणूस बरोबर चुकवतो. तिने सही केली नाही, तिचं वर्ष गेलं, मग शिक्षणच सुटलं. मी पास झाले, पुढे शिकले, राज्यशास्त्राची प्राध्यापक झाले, धुळ्याला आले. ती धरणगावातच अंगणवाडीत लागली, असं कुणाकडून तरी समजलं. एकदा वर्तमानपत्रात अंगणवाडीच्या बायकांच्या धरण्याचा फोटो होता. पहिल्या ओळीत ताडपत्रीवर ती बसलेली. केस पिकलेले, मांडी तशीच घट्ट घातलेली. मी भिंग लावून पाहिलं. तीच होती. आमच्यातले जे पुढारी झाले ते खुर्च्यांवर गेले, जी प्राध्यापक झाली ती व्यासपीठावर गेली, आणि मंगला अजून खालीच बसली होती. जळगावला जाताना धरणगावच्या वाटेने जाणारी गाडी मी टाळते. पारोळ्यावरून जाते आणि रस्ता चांगला आहे म्हणून सांगते.

दोन वर्षांपूर्वी त्या आंदोलनाचा मोठा सोहळा झाला. लाल वही काचेच्या पेटीत ठेवली होती. ज्यांची पूर्ण हजेरी, त्यांचा मॉनिटरच्या हस्ते सत्कार. यादीत नऊ नावं होती. एक माझं. मी जाऊ नये असं मला वाटत होतं, आणि मी इस्त्रीची साडी नेसून गेले. मॉनिटरने शाल घालताना माझ्याकडे बघून हलकेच हसून घेतलं. त्याला आठवत होतं. मला वाटलं, आता बोलेल. तो "पुढचे" म्हणाला. धरणगावचं नाव पुकारलं तेव्हा कोणीच उठलं नाही. तिची शाल टेबलावर तशीच राहिली. तिच्यासाठी मला तोंड उघडता आलं असतं. "हजर" एवढाच शब्द होता. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत बसले.

माझी शाल कपाटात आहे. डांबराच्या गोळ्या घालून ठेवलीय, एकदाही अंगावर घेतली नाही.

आता यंदा पुन्हा पेपर फुटलाय. कायदा आहे, तरी फुटलाय. आणि धुळ्यातल्या आमच्या कॉलेजची पोरं पटांगणाच्या कोपऱ्यात ताडपत्र्या टाकून बसलीत. सकाळी आठला गावांच्या नावाने हजेरी घेतात. ही रीत कुठून आली हे त्यांना माहीत आहे, कारण ते अभ्यासक्रमात आहे. टीप लिहा, पाच गुण. रविवारी मी त्याच उत्तरपत्रिका तपासत होते. एकाने लिहिलं होतं, "या आंदोलनात मुलींनी शेवटपर्यंत साथ सोडली नाही." मी त्याला चार गुण दिले, मग तो आकडा खोडला, मग पुन्हा चारच लिहिले.

त्याच्या आदल्याच दिवशी, शनिवारी, प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं होतं. ते वाईट गृहस्थ नाहीत, फक्त घाबरट आहेत. म्हणाले, "मॅडम, वरून दबाव आहे. हॉल तिकीट देताना हमीपत्र घ्यायचंय. पोरं तुमचं ऐकतात. तुम्हाला या गोष्टींचा अनुभव आहे." अनुभव! मी खाली मान घालून छापील कागदांचा गठ्ठा घेतला आणि माझ्या खोलीत येऊन बसले. मजकूर जवळपास तोच होता. एवढ्या वर्षांत एक स्वल्पविरामही बदललेला नव्हता.

दिवसभर कोणी फिरकलं नाही. चारच्या सुमारास साक्रीची एक मुलगी आली. नाव उज्ज्वला. दुसऱ्या वर्षाची, हुशार, माझी लाडकी. डोळे सुजलेले. आईने एकटीने शिकवलंय तिला. तिने कागद पुढे ओढला, पेन उघडलं आणि थांबली.

"मॅडम, तुम्ही सही नही करेल व्हती ना? त्या वहीमा तुमनं गाव शे ना, पुरा एकतीस दिन."

बोलायची हीच वेळ होती. वीस वर्षं मी जिची वाट बघत होते ती माझ्यासमोर खुर्चीत बसली होती, हातात पेन घेऊन. मी म्हणायला हवं होतं की बाई गं, मी केली होती, याच दिवसांत केली होती. मी म्हणाले, "नाही. पण प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते."

तिचा चेहरा पार उतरला. तिने सही केली, हॉल तिकीट घेतलं आणि ओढणीने तोंड झाकून गेली. पटांगणाकडून गेली नाही. मागच्या सायकल स्टँडच्या बाजूने गेली. लांबचा रस्ता. तो रस्ता कोण घेतं ते मला शिकवायची गरज नाही. दारातून ती दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिले आणि मला माझी अशी चीड आली, जशी त्या विसाव्या दिवशीही आली नव्हती. तेव्हा मी भ्याले होते. आता माझ्याकडे भ्यायला काय होतं? पगार, खोली आणि एक शाल.

रविवारची ती दुपार मी कशी काढली ते विचारू नका. संध्याकाळी समोरच्या वहिनी वाटीभर भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन आल्या. "मॅडम, डोकं दुखतंय म्हणू नका, खा." मी खाल्लं. किती वर्षांनी खाल्लं. पहिल्या घासाला मिरची लागली, दुसऱ्याला लसूण, आणि मग धुराची ती चव आली आणि मला मंगला फार, फार आठवली. तिने ती बारा उत्तरं का दिली हे मी तिला कधी विचारलं नाही. मी वर्षानुवर्षं समजत होते की तिने मला वाचवलं, झाकलं, उपकार केले. त्या वाटीसमोर बसल्यावर वाटलं, तसं नसेल. ती माझी जागा राखून ठेवत होती. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तशी. रोज सकाळी टाकत होती आणि रोज मी येईन म्हणून वाट बघत होती. मी मात्र त्या रुमालाची शाल करून कपाटात ठेवली.

सोमवारी सकाळी पावणेआठला मी पटांगणात गेले. पोरांनी "मॅडम आल्या, मॅडम आल्या" करत उठून खुर्ची आणली. मी खाली बसले. गुडघे कुरकुरले. गार ताडपत्री साडीतून लागली. हजेरी घेणारी शिरपूरची मुलगी उभी राहिली. तिच्या हातात साधी दोनशे पानी वही.

शिंदखेडा, हजर. नेर, हजर शे. सोनगीर, हजर शे.

"साक्री!"

कुणी बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं. एकदोघांनी एकमेकांकडे पाहिलं, एकजण दातओठ खात म्हणाला, "काट तिले." शिरपूरच्या मुलीने पेन वहीला टेकवलं.

"हजर शे," मी म्हणाले.

आवाज माझ्याच ओळखीचा नव्हता. ती मुलगी गोंधळली. "मॅडम, साक्री तर गेली. सही करीसन गेली."

"माहितीये. माझ्याचसमोर केली," मी म्हणाले. "मीही तशीच गेले होते. एकोणीस दिवस बसले आणि सही करून उठले. पुढचे बारा दिवस माझी हजेरी धरणगावच्या एका मुलीने लावली. तुम्ही पाठ करता ती पूर्ण हजेरी तिची आहे. साक्री परत येईल किंवा येणार नाही. जागा ठेव तिची."

मला वाटलं, आता ही पोरं उठून जातील, किंवा मला उठवतील. "काट तिले" म्हणणारा खाली बघत ताडपत्रीचा दोरा ओढत होता. मग शिरपूरच्या मुलीने मान खाली घातली आणि साक्रीपुढे हजर लिहिलं. पान उलटणार तेवढ्यात थांबून तिने माझ्याकडे पाहिलं.

"आणि तुमचं गाव, मॅडम? लिहू?"

"लिही," मी म्हणाले. "फैजपूर. आजपासून लिही. मागचे दिवस कोरे सोड."